रविवारी कुठं जाऊन आलात? (देवदर्शन धरायचं नाही)

जुळे सोलापूर

मागच्या आठवड्यात पुण्याची नणंद आली होती. शनिवारी अक्कलकोट, रविवारी तुळजापूर, येताना चादरी-टॉवेलची खरेदी, रात्री पार्क चौपाटीला एक फेरी आणि सोमवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं परत. गाडीत बसताना म्हणते, "वहिनी, तुमच्याकडं देव सोडून बघायला काहीच नाही का?" तिथं उभ्या उभ्या मला एक नाव सुचलं नाही. रिक्षानं घरी येईपर्यंत आठ सुचली.

म्हणून हा धागा. गेल्या काही दिवसांत कुठं जाऊन आलात ते लिहा. सकाळी निघून रात्री घरी, एवढ्याच टप्प्यातलं. देवदर्शन धरायचं नाही. घरी बसून काही उद्योग केला असेल तर तोही चालेल. नावं नकोत, आपापली पेठ किंवा भाग लिहा. आपण सगळे एकमेकांना ओळखतोच.

सुरुवात मी करते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं हत्तरसंग कुडलला गेलो. विजापूर रोडनं 40 किलोमीटरच्या आसपास. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं जुनं संगमेश्वराचं देऊळ आहे. (हो, देऊळच आहे. पण मी दर्शनाला नाही, वाचायला गेले होते.) सभामंडपाच्या तुळईवर एक लेख कोरलाय, शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा. समोरून बघितलं तर दगडावर नुसत्या रेघोट्या दिसतात. नवऱ्यानं मोबाइलची बॅटरी तुळईला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरली, तशी अक्षरांच्या कडांना सावली आली आणि एकेक अक्षर वर उठून आलं. नववीतल्या चिरंजीवांनी शेवटचे शब्द अडखळत लावले : "वाछि तो विजेया होइवा". वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीचं मराठी आणि ते नववीतल्या पोराला कळतंय, म्हणून माझ्या अंगावर काटा आला. पोरगं म्हणालं, "मी वाचलं, मी जिंकलो. आता डबा उघड."

हा लेख उजेडात आणणारे आनंद कुंभार आपल्या सोलापूरचेच. नोकरी वीज मंडळात आणि नाद शिलालेखांचा. सुट्टीत गावोगाव फिरून ठसे घेत हिंडले. आपल्याला सुट्टीत मॉल लागतो.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या आवारात 1999 मध्ये उत्खननात मिळालेलं शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलेली. मी मोजायला घेतली आणि चाळिसाला चुकले. तुम्हीही मोजायच्या भानगडीत पडू नका.

बाळे

देवदर्शन धरायचं नसेल तर माझी अडचण आहे. मी सायकलनं तुळजापूरला गेलो, पण देवळात गेलोच नाही. घाट चढून वर पोचलो, कळसाला बाहेरूनच हात जोडले, चहा घेतला आणि उलटा फिरलो. आई म्हणाली, "दारात जाऊन परत आलास, देवीला काय वाटलं असेल!" आता हे धरायचं का नाही ते अध्यक्षांनी सांगावं.

बाकी जाताना सगळं मस्त झालं. येताना सावली बघून रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं सायकल आडवी टाकली, तीच चूक. सावली वेड्या बाभळीची होती. पुढच्या चाकात तीन आणि मागच्यात चार काटे निघाले. माझ्याकडं ट्यूब एकच. एक ट्यूब बदलली, दुसऱ्या ट्यूबला दोन ठिगळं लावली, तिसरं भोक सापडेना. शेवटी एका टमटमवाल्यानं सायकल टपावर घातली. बाजूला बसलेल्या आजी तुळजापूरहूनच येत होत्या. त्यांनी मला प्रसाद दिला. म्हणजे न जाता प्रसाद मिळाला.

जुळे सोलापूर

धरलं. प्रसाद खाल्लास ना? मग धरलं.

साखर पेठ

मी 68 वर्षांचा. निवृत्त झाल्यावर मुलानं दुर्बीण घेऊन दिली, तेव्हापासून दर रविवारी बायकोची एकच तक्रार असते, की हा माणूस सकाळी सहाला घराबाहेर आणि भाजी आणायला कुणी नाही.

हिप्परग्याचा तलाव सगळ्यांना माहीत आहे, पण तुळजापूरला जाताना बसच्या खिडकीतून. खाली उतरून कोणी जात नाही. इंग्रजांनी दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा एकरुख तलाव 1871 मध्ये पुरा झाला. थंडीत तिथं चक्रवाक येतात, नारिंगी रंगाचे, जोडीजोडीनं. थापट्या येतात, त्यांची चोच उलथन्यासारखी. आणि काळं अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा असा एक पक्षी थव्यानं असतो. लांबून बदक वाटतो, पण बदक नाही. तो उडायच्या आधी पाण्यावरून धावतो. कोणी ओल्या अंगणात अनवाणी पळावं तसा टपटप आवाज होतो. सगळा थवा एकदम धावला की तलावावर पावसाची सर आल्यासारखं वाटतं.

त्याचं मराठी नाव वारकरी. मागच्या रविवारी मी 140 पर्यंत मोजले. आता ताई, तुमच्या नियमात हे बसतं का, विचारून घेतो.

जुळे सोलापूर

काका, तुम्ही सगळे मिळून माझा नियम मोडायलाच बसलाय.

लष्कर

मी कुठंच जात नाही. रविवारी सकाळी पाव-चटणी बांधून घेतो आणि किल्ल्याच्या बागेत पेपर वाचतो. बाक ठरलेला आहे. तट डोक्यावर, पलीकडं तलाव. एवढंच.

नीलम नगर

मी कुठं गेले नाही, पण उद्योग केला. आमच्या नान्नांनी (वडिलांनी) 30 वर्षं माग चालवला. चादरीचा. आता गुडघे गेले, घरीच असतात. मी बँकेत, मागाशी माझा संबंध घर चालायचं एवढाच. लहानपणी झोपताना तो खटखट आवाज असायचा. मामाकडं गेलं की शांततेत झोप यायची नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत एका सुताराकडून छोटी लाकडी चौकट करून घेतली, पाटीएवढी. वर-खाली खिळे मारून ताणा (उभे दोरे) लावला आणि मोठ्या सुईनं बाणा (आडवा दोरा) घालायला लागले. भिंतीवर लावायला एक मोर करायचा विचार होता. नान्ना खुर्चीत बसून बघायचे. काही बोलायचे नाहीत. मला वाटलं, त्यांना पोरखेळ वाटतोय. दोन दिवसांत वीतभर विणून झालं आणि बघते तर मधे कंबर पडलेली! वर नऊ इंच, मधे सात. मोर राहिला बाजूला, डमरू तयार झाला.

तिसऱ्या संध्याकाळी ते उठले, माझ्या हातातून सुई घेतली. दोरा ओढून सरळ न करता कमानीसारखा सैल ठेवला आणि मग फणीनं हळूच खाली बसवला. म्हणाले, "दोऱ्याला वर-खाली जायला जागा लागते. तू ताणून घातलास की तो ती जागा काठातून घेतो." बस्स. 30 वर्षांत मी त्यांना कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं आणि त्यांनीही आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं.

सगळं उसवलं. आता काठ सरळ येतोय. मोराला अजून मान नाही. पण रोज संध्याकाळी सातला ते स्वतःच खुर्ची सरकवून बसतात, आणि माझा एक दोरा चुकला की "हं" करतात.

विजापूर रोड

नळदुर्गबद्दल कोणी लिहायच्या आत मी लिहितो. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा नर-मादी धबधबे कोरडे. पाणी महालाचं कौतुक खरंच आहे. बोरी नदीवर बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात महाल आहे. पाणी डोक्यावरून वाहतं आणि आत माणूस कोरडा. पण माझ्या वेळी आत-बाहेर सगळीकडंच माणूस कोरडा. व्हॉट्सॲपवर ज्या दिवशी धबधब्याचा व्हिडिओ येतो तो बघून जाऊ नका, तो गेल्या वर्षीचा असतो. गावात कोणी ओळखीचं असेल तर आधी फोन करा. उपळ्या बुरूज मात्र चढाच, वरून सगळा किल्ला दिसतो.

होटगी रोड

आमचं वेळ अमावस्येला झालं. ही सहल म्हणायची का पूजा, ते तुम्हीच ठरवा. त्या दिवशी शेतावर जायचं म्हणजे जायचंच. मावशीचं शेत अक्कलकोट तालुक्यात. ज्वारीत कडब्याची खोप केलेली, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडलेले. पूजा झाली की मामा रानभर फिरून चरग शिंपडतो आणि मागून पोरं आरोळ्या ठोकत जातात.

खरी गोष्ट म्हणजे भज्जी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायलो, ही तळलेली भजी नव्हं. हिरवे वाटाणे, तूर, हरभरा, वांगं, गाजर, मेथी, रानात आणि बाजारात जे हिरवं मिळेल ते सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेलं असतं. बरोबर बाजरीचे उंडे. आणि मडक्यातलं आंबील. ताकात ज्वारीचं पीठ, वर लसूण. पहिला पेला तहानेला, दुसरा चवीला. तिसरा पिला की झाडाखाली आडवं व्हायचं, उठून काय होत नाय.

त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मावशी बांधावर उभी राहून अनोळखी माणसाला "ऊटा माड्री" (जेवा) म्हणून हाका मारायली. एक मोटारसायकलवाला बिचारा म्हणतोय, "अक्का, तिसऱ्या शेतात जेवूनच आलोय." तरी बसवलाच. मी स्वतः तीन ठिकाणी जेवलो. रात्री घरी बायकोनं विचारलं, "जेवायला काय करू?" मी नुसतं बघितलं तिच्याकडं.

जुळे सोलापूर

हे वाचून पुढच्या वर्षी आम्ही येणार. मावशीला सांगून ठेवा.

रेल्वे लाईन्स

नोकरी पुण्याला, घर इथं. त्यामुळं माझी सहल म्हणजे हुतात्माची खिडकी. जिंती रोड सोडलं की भिगवणच्या अलीकडं गाडी उजनीच्या पाण्यावरून जाते. तेवढा वेळ मी मोबाइल खिशात ठेवतो.

आपण सोलापूरकर उन्हाळ्यात भेटलो की आधी विचारतो, "उजनी वजा किती?" बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. धरणातल्या साधारण 117 टीएमसीपैकी 63 हून जास्त मृत साठा आहे. त्याच्या खाली पातळी गेली की टक्केवारी वजात मोजतात. पाणी नसतं असं नाही, पण जीव टांगणीला लागतो. मागच्या मार्चात एका शनिवारी मुद्दाम भिगवणला उतरलो आणि कुंभारगावाहून होडी केली. पाणी मागं हटलं होतं, काठानं चिखल उघडा पडला होता आणि त्या उथळ पाण्यात माना खाली घालून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे. पांढरे, पंख उघडला की गुलाबी. होडीवाला म्हणाला, "पाणी भरलेलं असलं की यांना पाय टेकत नाही, उतरलं की यांची पंगत बसते." आम्ही पेपरात वजा वाचून कपाळाला हात लावतो, ते तिकडं पानावर बसलेले असतात.

होडीत मोबाइल पाण्यात पडता पडता वाचला, ते बायकोला सांगितलेलं नाही.

मुरारजी पेठ

सर आहे, विज्ञान शिकवतो. माझी सहल गच्चीपर्यंत. सोलापूरचं ऊन फुकट जाऊ नये म्हणून सांगतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. घड्याळात बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या किंचित अलीकडं. गच्चीवर सरळ उभा केलेला पाइपाचा तुकडा घ्या. सावली आक्रसत आक्रसत पाइपाच्या बुडाशी जाते आणि नाहीशी होते. वरून पाइपात डोकावलं तर तळाशी उन्हाचं पूर्ण गोल नाणं पडलेलं असतं. मिनिट-दोन मिनिटांनी ते कडेला घासायला लागतं. ऑगस्टच्या सुरुवातीलाही हाच दिवस परत येतो, पण तेव्हा ढग असतात.

गेल्या मेमध्ये गल्लीतली अकरा पोरं गच्चीवर होती. त्याच गच्चीवर सौभाग्यवतींच्या कुरडया वाळत होत्या. सावली गायब झाली, पोरांनी टाळ्या वाजवून उड्या मारल्या, आणि दोन ओळी कुरडयांचा चुरा झाला. प्रयोग यशस्वी. जेवण उशिरा मिळालं.

साखर पेठ

येत्या रविवारी नान्नजला जातोय. बार्शी रोडला, 20-22 किलोमीटर. 1979 पासून माळढोकचं अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल या आशेनं येऊ नका, तो आता दर्शन देत नाही. काळवीट नक्की दिसतात. थंडीत भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात. आणि डोंबारी चंडोल बघायचाच. मुठीएवढा पक्षी, सरळ वर चढतो, पंख मिटून खाली झेप टाकतो, जमिनीच्या जरा वर परत उसळतो. नाव उगाच नाही पडलं.

गाडीत तीन जागा आहेत. पहाटे साडेपाचला माझ्या दारात. भडक कपडे नकोत.

जुळे सोलापूर

दोन जागा आमच्या. नवरा येणार नाही, साडेपाच ऐकूनच त्यानं पांघरूण घेतलं.

बाळे

एक माझी. सायकल आणत नाही.

नीलम नगर

मी येत नाही, मोराची मान करायची आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र शनिवारी रात्री पाठवते. लसूण किती घालू?

साखर पेठ

भरपूर. वासानं काळवीट पळाले तर पळू देत.