पुढाऱ्यांना सरकारी आयसीयूत झुकतं माप मिळतं का?

धागाकर्ता : माझं मत स्पष्ट आहे. उपचारात क्वचित, पण दारात, म्हणजे आयसीयूत घेताना, हमखास मिळतं. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोविड झाल्याने ५ एप्रिल २०२० रोजी लंडनच्या सेंट थॉमस या सरकारी रुग्णालयात दाखल झाले आणि दुसऱ्या दिवशी आयसीयूत गेले. व्हेंटिलेटर लागलाच तर हाताशी असावा, ही खबरदारी आहे, असं सरकारनेच सांगितलं. त्यांना ऑक्सिजन दिला, व्हेंटिलेटर लागला नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आयसीयूतला एका रुग्णामागे एक नर्स हा दंडक सैल करून सहा रुग्णांमागे एक प्रशिक्षित नर्स इथवर मुभा द्यावी लागली. अशा टंचाईत नुसती 'खबरदारी' सामान्य माणसाच्या वाट्याला आली असेल का?

प्रतिसाद १ : अजिबात पटलं नाही. कोविडमध्ये ऑक्सिजनची गरज काही तासांत वाढते. रुग्ण कोसळल्यावर घाईघाईने घशात नळी घालणं जास्त धोक्याचं, म्हणून आधीच हलवतात. पंचावन्न वर्षांच्या कुणालाही हलवलं असतं. तिथल्या नर्सनेही जाहीरपणे सांगितलं की जॉन्सन यांना आयसीयूची खरोखर गरज होती.

धागाकर्ता : नर्सच्या शब्दावर माझा विश्वास आहे. मी बोलतोय ते बेड मिळण्याआधीचं. वॉर्डातला डॉक्टर फोन करतो, आयसीयूचा डॉक्टर येतो, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन बघतो, आधीचे आजार विचारतो आणि पुष्कळदा म्हणतो, "थांबू, दोन तासांनी परत बघू." पंतप्रधानाच्या खाटेपाशी उभं राहून हे म्हणायला कोण धजेल?

प्रतिसाद २ : पण लाड उलटतातही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर वाइनट्रॉब यांनी १९६४ मध्येच 'व्हीआयपी सिंड्रोम' मांडला. बडा रुग्ण आला की सगळे दबकतात, नेहमीची पद्धत मोडतात, नको त्या तपासण्या होतात, नाहीतर हव्या त्या राहून जातात. पुढाऱ्याच्या जिवाची काळजी असेल तर त्याला रोजच्या टीमच्या हातीच सोपवावं.

प्रतिसाद ३ : मी तर म्हणेन, देशाच्या प्रमुखाला प्राधान्य मिळायलाच हवं. साथ ऐन भरात असताना नेतृत्व गेलं तर नुकसान सगळ्यांचंच.

धागाकर्ता : हे मला मुळीच मान्य नाही. जॉन्सन आयसीयूत असताना परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी कारभार पाहिलाच ना? पदाला पर्याय असतो. वॉर्डात धापा टाकणाऱ्या माणसाला त्याच्या घरच्यांसाठी पर्याय नसतो. म्हणून आयसीयूत कुणाला, कोणत्या निकषावर घेतलं, हे दर वेळी लेखी नोंदवून जाहीर करावं.

प्रतिसाद १ : नोंद जरूर ठेवा, पण जाहीर नको. आजारपणाची गोपनीयता पुढाऱ्यालाही आहे. नाव आणि पद झाकून बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

धागाकर्ता : चालेल. मात्र ज्यांना बेड नाकारला, त्यांचे कागदही त्याच गठ्ठ्यात हवेत.