नवीन शहर, १८ किलोमीटर आणि तीन पर्याय: रोजचा प्रवास कसा ठरवावा?

धागाकर्ती
नोकरीसाठी महिन्याभरापूर्वी नव्या शहरात आले. सध्या तात्पुरत्या खोलीत राहते आणि ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, १८ किलोमीटरवर. थेट बस आहे. मेट्रोने गेलं तर मध्ये एकदा गाडी बदलावी लागते. तिसरा पर्याय स्कूटर. मोबाइलवरचा नकाशा तिन्हींना ५० ते ६० मिनिटंच दाखवतो, त्यामुळे कशावरून निवडायचं तेच कळत नाही. आतापर्यंत बसनेच जातेय, पण गेल्या आठवड्यात दोनदा उशीर झाला. पुढच्या महिन्यात भाड्याने नीट घर घ्यायचंय, त्याआधी हे ठरलं तर बरं. जाणकारांनी कृपया सांगा.

खिडकीजवळची जागा
नकाशातला आकडा बाजूला ठेवा आणि एक वही करा. दाराला कुलूप लावलं ती वेळ आणि ऑफिसात खुर्चीवर टेकलात ती वेळ, एवढंच लिहायचं. मधलं चालणं, जिने, लिफ्टची रांग, गाडी लावायला जागा शोधणं, सगळं आपोआप त्यात येतं. आठ-दहा दिवसांनी सरासरी काढत बसू नका, सगळ्यात वाईट दिवस बघा. वाहतुकीचं नियोजन करणारेही असाच हिशोब मांडतात: वीसपैकी एकोणीस दिवस वेळेत पोचायचं तर हातात किती वेळ ठेवावा लागेल?

समजा बस एरवी ५० मिनिटं घेते पण अधूनमधून ८०, आणि मेट्रो रोज ५८ ते ६४. वरवर बस सरस वाटते. पण वेळेवर पोचायचंच असेल तर निघावं लागणार ८० मिनिटं आधी, आणि तेही रोज. मला हे उमगायला दोन वर्षं लागली. तेवढ्या सकाळी धावपळीत गेल्या, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

धागाकर्ती
वही आजपासूनच सुरू करते. एक शंका: थांब्यावर ‘दर १० मिनिटांनी’ असं लिहिलंय. मग सरासरी पाच मिनिटं थांबावं लागायला हवं ना? मला आठ-नऊ लागतात.

रांगेतला तिसरा
ताई, तुमचं मोजमाप बरोबर आहे. एखादी बस थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात, चढायला वेळ जातो आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती पुढचीला गाठते. दोन्ही जोडीने येतात आणि मग बराच वेळ काहीच येत नाही. एक अंतर २ मिनिटांचं आणि पुढचं १८ मिनिटांचं असेल तर सरासरी १०च भरते. पण तुम्ही थांब्यावर पोचाल ती वेळ दहापैकी नऊदा त्या १८ मिनिटांत पडणार. गणित केलं तर सरासरी थांबणं ८ मिनिटांच्या वर जातं.
मार्ग जिथून सुरू होतो तिथून चढता आलं तर हा त्रास बराच कमी होतो, आणि बसायलाही मिळतं.

सायकलवाली
स्कूटर रोज १८ किलोमीटर नको, असं माझं मत. गर्दीतून जाताना सगळं लक्ष रस्त्यावर, आणि घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. स्थानकापर्यंतचे तीन-चार किलोमीटर सायकलने मात्र जरूर करून बघा, पंधरा मिनिटांत होतात.
परतीचा विचार आधी करा. शेवटची गाडी किती वाजता? स्थानकापासून घरापर्यंत दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का? सकाळी छान वाटणारी गल्ली रात्री नकोशी होते. घराचा आगाऊ पैसा देण्याआधी ती वाट अंधार पडल्यावर एकदा चालून बघाच.

जुना पासधारक
२०१४च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, काही स्थानकं बंद राहिली. लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटा धराव्या लागल्या. संशोधकांनी नंतर प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर साधारण शंभरातले पाच जण जुन्या वाटेवर परतलेच नव्हते. इतकी वर्षं त्याच शहरात राहून त्यांना आपली चांगली वाट सापडली नव्हती! एक कारण म्हणजे रेल्वेचा नकाशा. तो समजायला सोपा असतो पण प्रमाणात नसतो, त्यात लांब दिसणारी दोन स्थानकं प्रत्यक्षात चालण्याच्या अंतरावर निघतात.
तुम्ही संपाची वाट बघू नका. अलीकडच्या, पलीकडच्या स्थानकावर मुद्दाम उतरून बघा. महिन्याभरात सवय पक्की होते, मग कोणी बघत नाही.

धागाकर्ती
तीन आठवड्यांनंतर लिहितेय. बसचा सगळ्यात वाईट दिवस ८७ मिनिटांचा, मेट्रोचा ६६. पण खरा शोध वेगळाच लागला. गाडी बदलायची त्या स्थानकावर एक दिवस सरळ उतरले आणि चालत निघाले. नकाशात ऑफिस तिथून तीन स्थानकं लांब आहे, पायी २२ मिनिटं लागली. जिने चढून, दुसऱ्या गाडीची वाट बघून, उतरून पुन्हा चालण्यात २५ जात होती! आता जोराचा पाऊस असेल तेव्हाच गाडी बदलते.
घर पहिल्या मार्गिकेवरच शोधतेय, अंतर थोडं वाढलं तरी चालेल. शनिवारी दोन घरं बघायची आहेत. दोन्हींची वेळ मुद्दाम रात्री आठनंतरची घेतलीय, स्थानकापासून चालतच जाणार आहे.