किराणा, कॅशबॅक आणि दुकानाचा कोड

अमेरिकन एक्सप्रेसच्या (अ‍ॅमेक्स) ब्लू कॅश प्रिफर्ड या क्रेडिट कार्डावर अमेरिकेतल्या वॉलमार्टमधून तांदूळ-डाळ घेऊनही ६ ऐवजी १ टक्काच कॅशबॅक (खर्चातून परत मिळणारे पैसे) का मिळाला, असं एकाने विचारलंय. कार्डाला पिशवीत काय आहे ते दिसत नाही हो, दिसतो तो फक्त दुकानाच्या वर्गाचा चार आकडी कोड. ५४११ म्हणजे सुपरमार्केट. वॉलमार्ट, टार्गेट यांना अ‍ॅमेक्स सुपरस्टोअर (सगळंच विकणारं मोठं दुकान) धरतं, त्यामुळे तिथली कोथिंबीरसुद्धा किराण्यात मोजली जात नाही! उलट क्रोगर या सुपरमार्केटमध्ये घेतलेल्या साबणावरही सहसा पूर्ण टक्के मिळतात.

खरी गंमत तिथल्या देशी (भारतीय) किराणा दुकानांची. चाट काउंटर असलेलं एखादं दुकान रेस्टॉरंट म्हणूनही नोंदलेलं असतं. पाटीवर जाऊ नका, आधी थोडंसं घेऊन बघा आणि स्टेटमेंट आलं की कोणत्या वर्गात किती कॅशबॅक पडला ते तपासा.

बाकी ब्लू कॅश प्रिफर्डचे ६ टक्के वर्षाला ६००० डॉलरच्या खर्चापर्यंतच, वर ९५ डॉलर फी (पहिलं वर्ष बहुधा माफ). त्याचं बिनफीचं ३ टक्केवालं भावंड, ब्लू कॅश एव्हरीडे कार्ड, आहेच. सुपरमार्केटचा खर्च वर्षाला साधारण ३२०० डॉलरच्या आत असेल, तर माझ्या मते तेच बरं.