सहावा आठवडा, हातातली काठी आणि डाव्या पायातला मोजा

प्रश्न

नमस्कार. माझे वय ६१ वर्षे असून सहा आठवड्यांपूर्वी माझ्या डाव्या खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. सांध्यातील कूर्चा झिजून हाडावर हाड घासत असल्यामुळे गेली चार वर्षे मला कुशीवर वळतानाही जाग येत असे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले, तेव्हा टाक्यांच्या जागी ठणका होता. पण सांध्याच्या आत खोलवर जे सतत दुखत असे, ते दुखणे नाहीसे झाले होते. त्या दिवशी मला रडू आले, आणि ते आनंदाचे होते.

आता मात्र उत्साह ओसरला आहे. चौथ्या आठवड्यात एके दिवशी बरे वाटले म्हणून मी नेहमीच्या दुप्पट चालले आणि पुढचे दोन दिवस मांडीपासून घोट्यापर्यंत पाय सुजून जड झाला. सध्या काठी घेऊन चालते. काठी ठेवून चालू लागले की शरीर एका बाजूला झुकते आणि मी लंगडते. शिवाय डावा पाय उजव्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटतो, जरी एक्स-रे उत्तम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ही बंधने तीन महिने पाळायची असल्याने डाव्या पायात मोजा माझे यजमानच घालतात. ते कधीही कुरकुर करीत नाहीत, आणि नेमके तेच मला सहन होत नाही. माझ्या नात्यातील एक बाई चौथ्या आठवड्यातच काठीशिवाय चालू लागल्या होत्या, हे त्या फोनवर दर वेळी आठवणीने सांगतात.

हे लंगडणे जाईल का, काठी कधी सोडावी, आणि हे मधले दिवस आपण सर्वांनी कसे काढले, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

ताई, माझ्या उजव्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली. काठीविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण ती मी चुकीच्या वेळी सोडली होती. पाचव्या आठवड्यात एका समारंभाला जायचे होते आणि चारचौघांत काठी टेकत जाणे मला कमीपणाचे वाटले. काठी घरी ठेवून गेलो, पूर्ण वेळ लंगडलो, आणि त्यानंतरही हट्टाने तसाच चालत राहिल्यामुळे लंगडण्याचीच सवय जडली.

पुढे फिजिओथेरपिस्टनी मला उंच आरशासमोर चालायला लावले, तेव्हा खरा प्रकार कळला. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला असलेला स्नायू, आपण एका पायावर भार देतो तेव्हा कंबरेची दुसरी बाजू खाली पडू देत नाही. दुखण्याच्या वर्षांत आपण तो पाय वाचवत चालतो, त्यामुळे तो स्नायू आधीच दुबळा झालेला असतो, आणि शस्त्रक्रियेने त्यात भर पडते. मी उजव्या पायावर भार दिला की कंबरेची डावी बाजू खाली जात होती आणि तोल सावरण्यासाठी माझा खांदा उजवीकडे झुकत होता. सांधा उत्तम होता. दुबळा होता तो हा स्नायू. म्हणूनच काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, म्हणजे तुमच्या बाबतीत उजव्या हातात. मी पहिले आठ दिवस ती दुखऱ्या बाजूलाच धरत होतो आणि मला कोणीही टोकले नाही, याचे आजही नवल वाटते.

मला काठी पुन्हा हातात घ्यावी लागली. भक्कम आधाराला धरून उभे राहायचे, पाय सरळ ठेवून सावकाश बाजूला उचलायचा आणि तितक्याच सावकाश खाली आणायचा, हा व्यायाम दिवसातून तीन वेळा दहा-दहा वेळा केला. तुमच्या फिजिओथेरपिस्टची अनुमती मात्र आधी घ्यावी. काठी सोडण्याची तारीख कोणी देऊ शकत नाही. काठीशिवाय न लंगडता चालता येऊ लागले की ती सोडावी, असे मला सांगण्यात आले होते. जिन्याचा नियम तुम्हाला ठाऊक असेलच : चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि शस्त्रक्रियेचा पाय आधी. लंगडणे नेमके केव्हा गेले, हे माझ्या लक्षातही आले नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलगी म्हणाली, “बाबा, जिन्यावर तुमच्या दोन्ही पावलांचा आवाज आता सारखा येतो.”

पाय लांब वाटण्याची तक्रार माझीही होती. वर्षानुवर्षे आखडलेले स्नायू आणि एका बाजूला कललेली कंबर यांमुळे अनेकांना तसे वाटते आणि स्नायू सैल होत गेले की काही महिन्यांत बहुतेकांची ती भावना कमी होते. तोपर्यंत दुसऱ्या पायाच्या बुटात स्वतःच्या मनाने जाड तळ घालू नये. मी रोजच्या पावलांची संख्या एका वहीत लिहून ठेवत असे. तुम्हीही तसे करून पाहा.

दुसरे उत्तर

मी रुग्ण नाही, रुग्णाचा नवरा आहे, आणि तुमच्या यजमानांच्या बाजूने दोन शब्द लिहावेत असे वाटले. मोजा घालताना ते कुरकुर करीत नाहीत याचे कारण कदाचित फार साधे असेल. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून काढलेल्या तासांत माझ्या हाताला काही कामच नव्हते. नंतर मोजा घालणे हे निदान एक काम तरी होते.

तरीही तुमची अडचण मी समजू शकतो, कारण माझी पत्नीही त्याच मोज्यावरून चिडत असे. यासाठी एक साधे साधन मिळते : पन्हाळीसारखे वळलेले प्लास्टिक आणि त्याला बांधलेल्या दोन लांब दोऱ्या. मोजा त्या पन्हाळीवर चढवायचा, पन्हाळ जमिनीवर सोडायची, तिच्यात पाऊल सरकवायचे आणि दोऱ्या ओढायच्या. खुबा वाकवावा लागत नाही. सोबत लांब दांड्याचा शू-हॉर्न आणि खाली पडलेली वस्तू उचलण्याचा लांब चिमटा असावा. पत्नीला पहिल्या दिवशी एका मोज्याला अकरा मिनिटे लागली. मी दाराबाहेर उभा होतो आणि आत यायचे नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

पहिल्या उत्तरातील वहीच्या सूचनेशी मात्र मी सहमत नाही. आमच्याकडे ती वहीच दुखण्याचे कारण झाली. काल अमुक पावले झाली म्हणून आज त्याहून अधिक व्हायलाच हवीत, असे तिने मनाशी ठरवले आणि आकडा उतरला की संपूर्ण दिवस उदास जाऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात आम्ही ती वही बंद केली. तुमच्या चौथ्या आठवड्यातील दुप्पट चालणेही मला त्याच जातीचे वाटते.

नात्यातील बाईंबद्दल इतकेच म्हणेन की सांध्यापर्यंत मागच्या बाजूने पोहोचले की पुढच्या, यावर बंधने अवलंबून असतात आणि शल्यचिकित्सकांच्या पद्धतीही वेगवेगळ्या असतात. त्यांचे चार आठवडे आणि तुमचे सहा आठवडे एका फुटपट्टीने मोजता येणार नाहीत.

तिसरे उत्तर

वरील बहुतेक सल्ला योग्य आहे. मी परिचारिका म्हणून काम केले असल्याने सुजेविषयी थोडी भर घालते. दिवसभरात वाढणारी आणि रात्री पाय उंचावर ठेवल्यावर सकाळपर्यंत उतरणारी सूज काही महिने राहू शकते. परंतु पोटरी दुखू लागली, लाल किंवा गरम झाली किंवा सूज अचानक वाढली, तर ती रक्ताची गाठ असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागणे किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. जखमेतून स्राव येणे, ताप येणे, किंवा अचानक तीव्र कळ येऊन पायावर भार न देता येणे, याही वाट पाहण्याच्या गोष्टी नव्हेत. रक्त पातळ ठेवणारे औषध जितके दिवस सांगितले असेल, तितके दिवस न चुकता घ्यावे.

चौथे उत्तर

माझे वय ३८ आहे. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने माझे दोन्ही खुबे दीड वर्षाच्या अंतराने बदलावे लागले, त्यामुळे हा सहावा आठवडा मी दोनदा पाहिला आहे.

दोन्ही वेळा मन खचले ते चौथ्या ते आठव्या आठवड्यातच. पहिल्या पंधरवड्यात टाके असतात, भेटायला येणारी माणसे असतात, वॉकर सोडून काठी घेण्यासारखे मोठे टप्पे असतात. त्यानंतर भेटणारे पांगतात, जखम भरून आल्यामुळे आपण बाहेरून बरे दिसू लागतो, आणि तरीही जमिनीवर पडलेले पेन उचलता येत नाही. गुडघ्यांमध्ये उशी ठेवून रात्रभर उताणे झोपायचे आणि छताकडे पाहत पहाटेची वाट पाहायची, हा भाग मला वेदनेपेक्षा कठीण गेला. दुसऱ्या वेळी हे आधीच ठाऊक असल्याने मी एका मित्राला सांगून ठेवले होते की पहिल्या आठवड्यात आला नाहीस तरी चालेल, सहाव्यात मात्र नक्की ये. तो आला, आम्ही शस्त्रक्रियेविषयी एक शब्दही बोललो नाही, आणि मला फार बरे वाटले.

इतक्या लहान वयात हे सांधे किती वर्षे पुरतील, याची धास्ती मला होती. आजच्या पद्धतीचा पाया ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घातला, म्हणजे हा काही नवखा प्रयोग नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के खुबे २५ वर्षे टिकतात, आणि ते सांधे जुन्या काळी बसवलेले होते. तुमच्या वयाला हा हिशेब माझ्यापेक्षा अधिक सोयीचा आहे, ताई. मला मात्र पुन्हा एकदा टेबलावर जावे लागेल असे गृहीत धरूनच चालायचे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काठी मी आजवर डाव्याच हातात धरत होते, हे कबूल करताना संकोच वाटतो. आज हात बदलला. दुपारपर्यंत अवघडल्यासारखे झाले, संध्याकाळी मात्र खांदा कमी झुकत असल्याचे यजमानांनी सांगितले. वही मी ठेवणार नाही. पोटरी तपासून पाहिली. दुखत नाही आणि सकाळी सूजही उतरलेली असते.

दोऱ्यांचे ते साधन मागवले होते, ते काल आले. पहिल्या प्रयत्नात मोजा अर्ध्यावर अडकला. दुसऱ्या प्रयत्नात तो पूर्ण चढला, परंतु मोज्याची टाच पावलाच्या वरच्या बाजूला आली. यजमान सरळ करायला पुढे आले, तेव्हा मी त्यांना थांबवले आणि दिवसभर तो तसाच ठेवला.