शॉकअप वजन पेलत नाही, पाटे पेलतात

जांबोटीच्या दादांनी इथे विचारलंय की त्यांची पिकअप भरल्यावर मागून एका अंगाला का बसते, आणि उत्तरांत बहुतेकांनी शॉकअप बदलायला सांगितलंय. थांबा, आधी पाटे, म्हणजे चाकांजवळच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघा. वजन पाटे पेलतात. दबलेला पाटा उसळून नाचत राहू नये एवढंच शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि झटक्याची ताकद उष्णतेत जिरते.

गाडी रिकामी करून सपाट जागेवर लावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेप लावा. जिकडे माप कमी, तिकडचा पाटा बसलाय किंवा तुटलाय. चीर बहुधा पट्ट्या एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या भोकाशी असते आणि चिखलाखाली दिसत नाही, वायर ब्रशने घासूनच बघा. पाटा अ‍ॅक्सलला (दोन चाकांमधल्या दांड्याला) आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले राहिले की मधला बोल्ट कापला जातो, अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी पळते. पाट्यांचं काम झालं की 500 किलोमीटरच्या आत यू-बोल्ट पुन्हा आवळायचेच.

काहींनी दिलेला जादा पाटा घालायचा सल्ला मात्र अजिबात पटत नाही. मागच्या ब्रेकला लोड व्हॉल्व्ह (गाडी किती दबलीय त्यावरून ब्रेकचा जोर ठरवणारा) असेल तर जादा पाट्याने गाडी मागून उचलली की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पावसात चोर्ला घाट उतरताना हे जिवावर बेतेल. घातलाच, तर व्हॉल्व्हची दांडी नव्याने सेट करून घ्या.

शॉकअपमधून तेल ठिबकत असेल तर तोही बदला, पण जोडीनेच.