फिरतीची नोकरी असणाऱ्यांना सर्जनशील कामासाठी कशी मदत करावी?

कोरे पान (प्रश्न)

नमस्कार. गेली 3 वर्षे मी लेखन आणि रेखाटन यांचा एक छोटा सराव-गट चालवते. गटात 14 जण आहेत आणि त्यांपैकी 9 जण सतत फिरतीवर असतात. कोणी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव जातात, कोणी लेखापरीक्षणासाठी, तर कोणाचे रोजचे 4 तास केवळ येण्याजाण्यात जातात. दर पंधरवड्याला आम्ही ऑनलाइन भेटतो आणि बहुतेक वेळा हे 9 जण रिकाम्या हातांनी येतात. सुरुवातीला मी त्यांना रोज एक तास लिहायला बसण्याचा आग्रह धरला. तो चुकीचा होता, हे मला आता कळते. ज्याला बसायला जागाच नाही त्याला बैठकीचे काम सांगितले, तर त्याच्या पदरी अपराधीपणाखेरीज काही पडत नाही.

मागच्या भेटीत एका सदस्यांनी फोनमधील टिपणे मला दाखवली. 3 महिन्यांत 140 टिपणे झाली होती. त्यांतले एक होते : "पूल, निळे कापड, उशीर." हे कशासाठी लिहिले, ते त्यांना स्वतःलाच आठवेना. म्हणजे या मंडळींना सुचत नाही असे नाही. सुचलेले घरी पोहोचेपर्यंत विरून जाते. मला त्यांच्यासाठी खरोखर काही करायचे आहे. प्रवासात त्यांना नेमके काय करायला सांगावे, आणि काय सांगूच नये?

मैलाचा दगड

तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. प्रवासात काय करावे यापेक्षा प्रवासाला निघताना सोबत काय न्यावे, याचा विचार आधी व्हायला हवा. फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे यांनी 1908 साली स्वतःचा एक अनुभव लिहून ठेवला आहे. एका प्रश्नावर ते सुमारे 15 दिवस रोज टेबलाशी बसून झगडत होते. त्यानंतर ते भूशास्त्रीय सहलीला गेले, गणित मागे पडले, आणि कूतांस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी त्यांना हवी असलेली कल्पना सुचली. या प्रसंगाचा उल्लेख अनेक जण करतात, पण त्याच्या पुढचा आणि मागचा भाग बहुधा गाळला जातो. ते 15 दिवस नसते, तर त्या पायरीवर काहीच घडले नसते. शिवाय त्यांनी गाडीत पडताळणी करण्याचा प्रयत्नही केला नाही. सहप्रवाशांशी चाललेले बोलणे पुढे सुरू ठेवले आणि काँ या आपल्या गावी परतल्यावर निवांतपणे सगळे तपासून पाहिले.

आयरिश गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांचेही तसेच झाले. 16 ऑक्टोबर 1843 रोजी ते पत्नीसह डब्लिनमधील कालव्याच्या काठाने चालत असताना त्यांना क्वाटर्नियन या चार घटकांच्या संख्यांचे सूत्र सुचले आणि त्यांनी ते पुलाच्या दगडावर चाकूने कोरले. त्या फेरफटक्यामागे अनेक वर्षांचे अपयश होते.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येकाने निघण्यापूर्वी 10 मिनिटे आपल्या अडलेल्या कामाशी बसावे आणि ते कोठे अडले आहे, ते एका वाक्यात कागदावर लिहून खिशात ठेवावे. "काहीतरी लिहायचे आहे" हे तसे वाक्य नव्हे. "म्हातारी घर सोडायला तयार का होते, ते मला अजून पटत नाही" हे तसे वाक्य आहे. असे वाक्य सोबत असले की खिडकीबाहेर दिसणाऱ्या गोष्टी आपोआप त्याला येऊन चिकटू लागतात.

पायवाट

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात फक्त चालण्याविषयी थोडी भर घालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांना सरासरी 60 टक्के अधिक कल्पना सुचतात. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांतही हा फरक दिसला, म्हणजे केवळ निसर्गाचे ते श्रेय नव्हते. चालून आल्यावर बसलेल्यांतही त्याचा प्रभाव काही काळ टिकला. मात्र ज्या कोड्यांना एकच अचूक उत्तर असते, ती सोडवताना चालण्याचा लाभ झाला नाही, उलट किंचित तोटाच झाला.

तुमच्या गटासाठी याचा अर्थ सरळ आहे. पर्याय गोळा करायचे असतील तेव्हा चालावे आणि त्यांतला एक निवडायचा असेल तेव्हा बसावे. गाडी बदलताना मध्ये 40 मिनिटे मिळाली, तर ती बाकड्यावर फोन पाहण्यात न घालवता फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या माराव्यात, आणि निदान त्यांतल्या काही फेऱ्यांत कानांत काही नसावे. हा शेवटचा मुद्दा कोणत्या प्रयोगातला नाही, माझ्या सवयीचा आहे.

बोरू

मी 22 वर्षे रोज रेल्वेने नोकरीला जाते आणि माझे जवळजवळ सगळे लेखन त्या डब्यात सुरू झालेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली अडचण संकोचाची असते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप हे टपाल खात्यात होते आणि त्यांच्या कामात रेल्वेप्रवास फार होता. त्यांनी एक लहानशी लिहिण्याची पाटी बनवून घेतली, तीवर ते डब्यात पेन्सिलीने लिहीत आणि नंतर त्यांची पत्नी मजकुराची स्वच्छ प्रत करीत असे. थोड्याच दिवसांच्या सरावाने डब्यातही टेबलाइतक्याच वेगाने लिहिता येऊ लागले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यांची एकच तक्रार होती : चार-पाच सहप्रवाशांच्या देखत लिहायला बसले की आपण लेखक असल्याचे मिरवतो आहोत, असे त्यांना वाटे. त्यांच्यासारख्या माणसाला तसे वाटत असेल, तर तुमच्या गटातील नवख्या मंडळींना काय वाटत असेल, याची कल्पना करा. त्यांना हे मोकळेपणाने सांगा. शक्य असेल तर पहिल्या काही प्रवासांत दोघांना फोनवर एकमेकांच्या संपर्कात राहून एकाच वेळी काम करू द्या. कोणीतरी आपल्यासारखेच करते आहे, एवढ्या जाणिवेनेही संकोच कमी होतो.

दुसरी गोष्ट टिपणांची. तुम्ही दिलेल्या टिपणात तीन नामे आहेत, पण क्रियापद एकही नाही. मीही अनेक वर्षे तशीच टिपणे करीत असे आणि ती सगळी वाया गेली. आता माझा नियम असा आहे की टिपण लहान असले तरी ते पूर्ण वाक्य असले पाहिजे, आणि त्यात कोणी काय केले ते आले पाहिजे. परवा माझ्यासमोर एक मुलगी झोपली होती. तिचे डोके खिडकीच्या काचेवर टेकले होते आणि डबा हादरला की ते आपटू नये म्हणून शेजारच्या अनोळखी बाईंनी आपली पिशवी मधे धरून ठेवली होती. स्वतःचे उतरायचे स्थानक येईपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. मी "मुलगी, पिशवी, काच" असे लिहिले असते, तर महिन्याभराने त्यातून मला काहीही परत मिळाले नसते. "अनोळखी बाईने झोपलेल्या मुलीच्या डोक्यासाठी पिशवी धरून ठेवली" हे लिहायला 20 सेकंद लागतात आणि तेवढ्यात सगळे जपले जाते.

तिसरे म्हणजे, अनेकांना रस्त्यावरच्या वाहनात वाचता-लिहिताना मळमळते. डोळे स्थिर कागद पाहत असतात आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल सांगत असते, या विसंगतीतून तो त्रास होतो. अशांना बसमध्ये लिहायला सांगणे अन्यायाचे आहे. त्यांनी दूरवर पाहत राहावे आणि टिपण बोलून नोंदवावे, किंवा उतरल्यावर लगेच लिहावे.

वहीची आणखी एक प्रत ठेवायची सवयही आताच लावा. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपल्या कवितांचे स्वतः केलेले इंग्रजी अनुवाद 1912 साली लंडनला नेले, तेव्हा ते हस्तलिखित ठेवलेली बॅग भुयारी रेल्वेत विसरली गेली होती. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात ती मिळाली हे भाग्यच. रोज रात्री दिवसाच्या पानांचा फोटो काढून ठेवणे एवढे पुरेसे आहे.

सारथी

तुमच्या 9 जणांपैकी स्वतः गाडी चालवणारे किती आहेत, हे आधी विचारून घ्या. मी कामानिमित्त दररोज लांबचे अंतर स्वतः गाडी चालवून कापतो. बोलून टिपण करण्याची वरची सूचना चालकाला कृपया देऊ नका. हात मोकळे असले तरी लक्ष मोकळे नसते, आणि वाक्य जुळवताना डोळे रस्त्यावर असूनही रस्ता दिसत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या दिवशी काही विपरीत घडले नाही, पण नंतर मी ती सवय कायमची सोडली. माझी पद्धत अशी आहे की मुक्कामी पोहोचून इंजिन बंद केल्यावर दार उघडण्यापूर्वी 2 मिनिटे फोनवर बोलून घ्यायचे. दार उघडले की समोरची माणसे आणि कामे यांत सगळे पुसले जाते, त्यामुळे ती 2 मिनिटे मी कोणालाही देत नाही.

"मैलाचा दगड" यांच्या सूचनेलाही थोडी मर्यादा घालावीशी वाटते. प्रत्येक प्रवासात प्रश्न खिशात नको. दिवसभर काम करून परतणाऱ्या माणसाला झोप किंवा नुसते खिडकीबाहेर पाहणे हवे असते आणि त्यावर त्याचा हक्क आहे. काम जाताना द्यावे, येताना देऊ नये.

मैलाचा दगड

सारथी, आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. खिशातला कागद जातानापुरताच ठेवावा.

कोरे पान

सर्वांचे मनापासून आभार. 9 पैकी 3 जण स्वतः गाडी चालवतात, असे विचारल्यावर कळले. मला हे माहीत असायला हवे होते. त्यांच्यासाठी इंजिन बंद केल्यानंतरची 2 मिनिटे, बाकीच्यांसाठी निघण्यापूर्वीचे एक वाक्य आणि क्रियापद असलेले टिपण, असे ठरवले आहे. परतीच्या प्रवासात कोणालाही काम असणार नाही.

"निळे कापड" लिहिणाऱ्या सदस्यांशी काल पुन्हा बोलले. फोनवर टिपणाची तारीख आणि वेळ होती. ती त्यांनी आपल्या कामाच्या नोंदवहीशी ताडून पाहिली आणि थोड्या वेळाने त्यांचा संदेश आला : "पुलावर गाडी थांबली होती. खाली पात्रात एक माणूस लांबलचक निळे कापड एकटाच पिळत होता. एक टोक त्याने पायाखाली धरले होते. ते पिळून होईपर्यंत गाडी सुटू नये असे मला वाटत होते, आणि मला तर आधीच उशीर झाला होता." गुरुवारी ते पुन्हा त्याच मार्गाने जाणार आहेत. गाडी सुटू नये असे आपल्याला का वाटले, हा प्रश्न त्यांनी स्वतःच कागदावर लिहून घेतला आहे.