पोरं उद्धट झालीत हे खरं, पण कष्टाच्या हाताला मान द्यायचं त्यांना शिकवलं कुणी?

वायंडिंगवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर

परवा संध्याकाळी तीन कॉलेजची पोरं दुकानात आली. सायलेन्सर बदललेली बुलेट, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज. त्यातल्या एकाच्या वडिलांची बोअरची मोटर भरून, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळून, तयार होती, ती न्यायची होती. माझ्याकडे काम शिकणारा पोरगा त्याच्याच शाळेतला, दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला. त्यानं आनंदानं खांद्यावर हात ठेवला, तर तो झटकन मागं सरला. "शर्टाला हात लावू नको, आधी धुऊन ये." बाकीचे दोघं हसले. मी रागावलो तर "काका, तुम्ही तुमचं काम करा की."

पोरगा आत जाऊन पाठमोरा बसला. रात्री मला झोप लागली नाही.

त्या मोटरीत त्यानं काय केलं होतं ते सांगतो. बोअरची मोटर पाण्यात बुडून चालते. तिची तार प्लास्टिकचं आवरण असलेली, एकेक वेढा हातानं स्लॉटमधून ओढून घ्यावा लागतो. ओढताना कुठं ओरखडा पडला तर वर काही कळत नाही. मोटर चारशे फूट खाली गेली की शॉर्ट होते आणि परत पाच माणसं लावून पाइप उपसायची. उन्हाळ्यात तेवढ्यात बाग वाळते. म्हणजे त्या इस्त्रीच्या शर्टाचा पैसासुद्धा याच हातांतून गेलेला आहे.

पोरांना दोष देतोच. पण माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभेला बाई एका मुलाला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "असाच राहिलास तर गॅरेजात पाने देत बसशील." पालक हसले. मी मागच्या बाकावर होतो, गप्प बसलो. ते आजही सलतंय.

निवृत्त मास्तर, विजापूर रोड

तुमच्या शिकाऊ मुलाचं वाईट वाटलं. त्या बाईंचं वाक्यही चूकच. पण उद्धटपणाचं खापर शाळेवर फोडू नका. मी ३२ वर्षं शिकवलं. आधी मुलगा घरी सांगायला भ्यायचा की सरांनी रागावलं. शेवटच्या काही वर्षांत रागावलं की दुसऱ्या दिवशी वडीलच चार माणसं घेऊन दारात. रात्री बारा वाजता रस्त्यात गाडीवर केक कापणारी पोरं कुणाची? त्यांना गाडी घेऊन देणारे कोण?

आणि कारागिराची पोरं सगळी शालीन असतात असंही नाही. मावा खाऊन भिंती रंगवणारे दोन्हीकडे आहेत. वळण ही वेगळी गोष्ट, धंद्याचा मान वेगळी. तुम्ही दोन्ही एकत्र कालवताय.

पूर्व भागातली आई

मला दोघांचंही पटलं नाही.

माझे मालक २६ वर्षं मागावर आहेत. बारा तासांची पाळी, धोट्याच्या आवाजानं कान गेले, कापसाच्या धुळीनं खोकला कायमचा. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्या गावचीच वस्तू असं सरकारी मानांकन, मिळालं म्हणून सगळ्यांना अभिमान. विणणाऱ्याच्या हातात त्यातलं काय आलं? मी विड्या वळते, हजार विड्यांमागे मजुरी. त्यातनं पोराला कॉम्प्युटर सायन्सला घातलं. तो मागाजवळ उभा राहणार नाही अशी शपथ आहे माझी. मला हाताच्या कामाची लाज नाही ओ. पण मान म्हणून टाळ्या देऊ नका, पगार द्या, पीएफ द्या, सुट्टी द्या. मग बघा कोण नाकारतंय.

त्या शिकाऊ पोराला तुम्ही महिन्याला काय देता, ते लिहा.

वायंडिंगवाला

नऊ हजार. पीएफ नाही. शिकतोय म्हणून कमी, असं मी स्वतःला सांगत आलोय. तुम्ही विचारल्यावर ते लिहिताना जड गेलं.

मास्तर, वळण आणि मान वेगळं नाही हो. ज्याला घरी, शाळेत, लग्नात सगळीकडं एकच ऐकू येतं की अमुक काम म्हणजे नापासाची शिक्षा, तो ते काम करणाऱ्याशी नीट बोलेल कशाला? कलेक्टर साहेबांसमोर हीच पोरं हात जोडतात. त्यांना आदर येतो, फक्त माणूस बघून येतो.

आयटीआय इलेक्ट्रिशियन

मी दोन वर्षांचा ट्रेड केला, आता अप्रेंटिस आहे. पुढं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात २०२५पर्यंत निम्म्या मुलांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं लिहिलंय. आमच्या गल्लीत अजून "नंबर लागला नाही म्हणून आयटीआय" हेच चालू आहे. मोठ्या भावाचं स्थळ तीनदा परतलं. तो वेल्डर आहे, पहिला प्रश्न पगाराचा नसतो, "कंपनीत नाही का?" असा असतो.

मावशींचं पगाराचं खरं आहे. पण पगार चांगला असूनही भावाचं जमत नाहीय.

निवृत्त मास्तर

डिप्लोमाचं मला माहीत होतं. वर्गात कधी सांगितलं नाही. हुशार मुलांना सायन्स आणि उरलेल्यांना "काहीतरी बघा", इतकंच मी करत आलो. तेवढं मान्य करतो. उद्धटपणावरचं मत मात्र बदललेलं नाही.

पूर्व भागातली आई

दादा, एक शेवटचं विचारते, राग मानू नका. हे काम एवढं चांगलं असेल तर तुमच्या मुलीला शिकवणार काय?

वायंडिंगवाला

राग नाही ताई. आठवीत आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत सुट्टीत दुकानात यायची, जुन्या कॉइलचे वेढे मोजायची. तिचा आकडा माझ्यापेक्षा पक्का. पाहुणे म्हणाले, मुलीला तिथं कशाला बसवताय. मीच बंद केलं. तिनं दोनदा विचारलं होतं, का म्हणून. मी उत्तर दिलं नाही.